एका जीपमधले तीन देशांचे आटे



या आठवड्यात उसाची नोंद नाही. पावसाने वाफसा मोडलाय, खोडव्यात पाय घालता येत नाही. म्हणून शेडमधली दादांची जीप बाहेर काढली. काढली म्हणजे ट्रॅक्टरने ओढून काढली. अकरा वर्षं ती कांद्याच्या चाळीशेजारी उभी होती. पुतण्या म्हणाला, काका, आपण हिला परत चालती करू. मी म्हटलं कर. पहिल्याच दिवशी त्याने चार बोल्टची डोकी गोल केली आणि एक स्क्रू मुळातून तोडला. आजची नोंद त्या स्क्रूवरून आहे, पण ती थोडी मागे जाणार आहे. मशागतीच्या माणसाने लोखंडाचा इतिहास कशाला सांगावा असं कुणाला वाटेल. सांगायचं कारण आहे, आणि ते आधीच सांगतो.

१९९१ सालची गोष्ट. आषाढ होता. आईच्या पोटात संध्याकाळपासून कळा येत होत्या, रात्री साडेअकराला तिला सहन होईना. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. दादा मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मी चालवायला. तालुक्याचं गाव बावीस किलोमीटर. कॅनॉलच्या पुलाजवळ मागचं डावं चाक बसलं.

जॅक लावला, पाना लावला. नट हलेना. पान्यावर पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवला आणि त्यावर उभा राहिलो. कडाक् आवाज झाला. मला वाटलं सुटला एकदाचा. बॅटरी मारून बघतो तर स्टड तुटून नटासकट पान्यात आलेला. मनात म्हटलं गंजलेला असेल. दुसऱ्यालाही तसंच केलं, तोही तुटला. तिसऱ्यावर पाना सटकला आणि नटाचे कोपरे गेले. तेव्हा मागून दादांचा आवाज आला, "कुठल्या अंगाला फिरवतोस रं?" मी म्हटलं, नेहमीच्या. ते म्हणाले, "डावं चाक हाय ते. उलटं असतं त्याचं."

म्हणजे मी पाऊण तास नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. स्टड तुटेपर्यंत आवळत होतो.

उरलेले दोन नट उलट्या बाजूला लगेच सुटले. कोपरे गेलेला तिसरा मात्र काही केल्या निघेना, आणि तो निघाल्याशिवाय चाक निघत नाही. पहाटे साडेचारला दुधाचा टेम्पो आला, त्यात आईला घातलं. अपेंडिक्स फुटलं होतं. एकोणीस दिवस दवाखान्यात होती. वाचली. आज ऐंशीच्या घरात आहे आणि कुणी कसलंही झाकण उघडायला बसलं की विचारते, "उलटं का सुलटं ते बघितलं का?" दादांनी मात्र त्या रात्रीबद्दल पुढे कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून या आट्यांच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे मांडतो.

डाव्या चाकाला उलटे आटे कशाला? सायकलचं डावं पायडल ज्याने कधी खोललंय त्याला हे माहीत आहे. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, नाहीतर मारता मारता ते आपोआप सुटत जातं. चाकाच्या नटाचंही तसंच होईल अशी जुन्या इंजिनिअरांना भीती होती, म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे दिले जात. विलीजच्या जीपलाही ते होते. शंकूच्या आकाराच्या बुडाचा नट नीट आवळला की सैल होत नाही हे पुढे पटलं आणि डावी-उजवीकडे सारखेच आटे आले. जुन्या जीपच्या डाव्या स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं असतं. आमच्याही होतं. पण त्यावर पंधरा वर्षांचा चिखल, ग्रीस आणि रंग होता. नंतर मी वायर ब्रशने घासून बघितलं, अक्षर स्वच्छ निघालं. पाना लावायच्या आधी दोन मिनिटं घासलं असतं तर दिसलं असतं.

आता ही जीप मुळात कुठली ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बॅन्टम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्या त्यात उतरल्या, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. विलीजची आणि फोर्डची गाडी एकाच नकाशावर बनायची. एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे अशी सैन्याची अटच होती. फोर्ड मात्र आपल्या बोल्टच्या डोक्यावर एफ ठोकायचा. आजही जुन्या जीपचे शौकीन डोक्यावरचा तो एफ शोधत फिरतात. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून विकायला काढली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग आणून ती जोडायला सुरुवात केली. दादांची जीप त्याच घराण्यातली, सीजे थ्री बी, उंच नाकाची. १९७६ साली एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली.

म्हणजे तिचे जन्माचे आटे अमेरिकन. आता इथून गोष्ट जरा लांब जाते, पण सोबत राहा.

दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असायचा. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने १८०० च्या आसपास आटे पाडायचा चांगला लेथ तयार केला, त्यामुळे एका दुकानातले आटे तरी सारखे यायला लागले. पण शेजारच्या दुकानाचा नट तुमच्या बोल्टला लागायचा नाही. मॉडस्लेच्याच हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ याने मग साधी गोष्ट केली. इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. १८४१ साली त्याने ती इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि कुठल्या जाडीला एका इंचात किती आटे ते ठरलेलं. माझ्या माहितीत सगळ्या देशाने धरलेलं आट्यांचं हे पहिलं माप.

इंग्रजांची रेल्वे आपल्याकडे आली तेव्हा हे माप घेऊन आली. रेल्वेच्या वर्कशॉपात शिकलेला मिस्त्री बाहेर पडून लेथ टाकायचा, तो तेच पाडायचा. आपल्या तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही 'तीन सुती बोल्ट द्या, चार सुती द्या' म्हणतात ते हेच घराणं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी बांधावर आपण एकर-गुंठेच बोलतो, तसंच हे. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, पण सूत काही जात नाही.

अमेरिकेत १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने व्हिटवर्थला फाटा दिला. त्याचं म्हणणं असं, की ५५ अंशाचा कोन आणि गोल माथा पाडायला फार कसबी कारागीर आणि जास्त हत्यारं लागतात. कोन ६० अंश करा, माथा सपाट ठेवा, म्हणजे साध्या दुकानातला साधा माणूसही ते पाडील. मला सेलर्सचं पटतं. शेतीतही ज्या शिफारशीला फार कसब लागतं ती कागदावरच राहते.

पण त्या पाच अंशांनी पुढे ऐंशी वर्षं भोवलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं, पॅकार्ड कंपनीत. इंजिनात सगळे इंग्रजी आटे, आणि अमेरिकेत ते पाडायचे टॅप आणि डायच मिळेनात. पॅकार्डला ती हत्यारं आधी स्वतः बनवावी लागली. असे अनुभव आल्यावर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एका करारावर सह्या केल्या आणि ६० अंशाचा एकच आटा मान्य केला. यूएनसी म्हणजे जाड आटा आणि यूएनएफ म्हणजे बारीक आटा, ही नावं तिथली. जीपच्या चाकाचा स्टड अर्धा इंची, त्यावर इंचाला २० आटे, म्हणजे बारीक. इंग्रजी चार सुतीवर इंचाला १२, अमेरिकन जाड आट्यावर १३.

इथे खरी गंमत आहे, म्हणजे खरा घोटाळा. दोन सुती, अडीच सुती, तीन सुती या मापांना इंग्रजी आणि अमेरिकन जाड आट्यांची संख्या सारखीच आहे, २०, १८ आणि १६. फरक फक्त कोनाचा. त्यामुळे नट चढतो. आवळतोही. पण बसत नाही, कडेकडेने टेकून राहतो. खाचेत पाणी शिरतं आणि गंज धरतो. वर्षभराने खोलायला जावं तर आट्यांसकट बाहेर.

आणि तिसरा देश अजून यायचाच आहे. १९८६ साली पेट्रोल परवडेना म्हणून दादांनी जीपला डिझेल इंजिन बसवलं. प्यूजोचं, महिंद्राच परवान्यावर इथे बनवायचे ते. फ्रेंच इंजिन, म्हणजे सगळे आटे मिलिमीटरचे. ते जीपच्या चासीवर बसवायला पट्ट्या केल्या आमच्या लेथवाल्या मिस्त्रींनी, त्यांच्या सुती बोल्टने. म्हणजे चासी अमेरिकन, इंजिन फ्रेंच आणि दोघांना धरून ठेवणारे बोल्ट इंग्रज. वरून एकच काळा रंग मारलेला.

पुतण्या कृषी पदवीधर, हुशार आहे. त्याच्याकडे मिलिमीटरच्या गोट्यांचा चकचकीत सेट. त्याने चासीच्या अर्ध्या इंची डोक्याला १३ ची गोटी लावली. अर्धा इंच म्हणजे १२.७. तीन दशांश मिलिमीटरची ढील. नव्या बोल्टला चालून जाते, गंजलेल्याला जोर लावला की कोपरे खाते. म्हणून चार डोकी गोल झाली. चाकाच्या नटाला मात्र १९ ची गोटी नीट बसते, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. त्यामुळे त्याला वाटलं सगळीकडे बसेल. इंग्रजी पान्यांचा आणखी एक तिढा. जुन्या व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप डोक्याचं नसतं, बोल्टच्या दांड्याच्या जाडीचं असतं. चार सुतीचा इंग्रजी पाना हातात घेतला की तो अर्ध्या इंचाच्या अमेरिकन पान्यापेक्षा कितीतरी मोठा भरतो. मिस्त्रींच्या दुकानात दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेले असायचे.

जो स्क्रू तोडला तो अडीच सुती होता, आणि तिथे मागे कुणीतरी ८ एमएमचा नट चढवलेला होता. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही. दोन-तीन फेरे जातो, मग अडकतो. ज्याने चढवला त्याने पाइप लावून चढवला असणार. तो मी असेन, आता आठवत नाही.

ओळखायचं कसं? आटे मोजायची पट्टी दीडदोनशे रुपयांत मिळते. ती नसेल तर माहीत असलेला बोल्ट शेजारी आडवा धरा, आट्यात आटा घाला आणि उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर घराणं वेगळं.

आता गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या मधे जागाच नाही, तिथे तो फुगतो, म्हणजे पाचर ठोकल्यासारखं होतं. आपल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांना हे जास्त, कारण आपण त्यातून खत वाहतो. पोटॅशचं पोतं फुटलं तर त्यातल्या क्लोराईडने ट्रॉलीच्या फाळक्याचे बोल्ट एका पावसाळ्यात खाल्ले जातात. खत उतरवल्यावर ट्रॉली धुवा हे कृषी सहायक सांगत नाहीत, मी सांगतो.

डब्ल्यूडी ४० चा फवारा आता सगळ्यांकडे असतो. तो १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं अंग ओलाव्यापासून वाचवायला केला होता. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. जुना गंज फोडायला तो थोडाफार चालतो, पण माझा अनुभव असा की ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून सोडलं तर जास्त आत उतरतं. आगीपासून आणि रंगापासून लांब ठेवा, अ‍ॅसिटोन दोन्हीला वाईट. काही नसेल तर डिझेल. यात खरं औषध म्हणजे वेळ. संध्याकाळी सोडायचं, सकाळी परत सोडायचं, असं तीन दिवस. मधे डोक्यावर हातोडीचे बेताचे टोले द्यायचे, त्याने गंजाची पकड तडकते आणि तेल खाली जातं. मग आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला. सुटला तरी एकदम ओढायचा नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

आम्ही धुराड्याच्या नळीचे नट गॅसने तापवून काढले. नट तापला की फुगतो आणि आतला गंज सुटतो. जरा निवल्यावर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत शिरतं. डिझेलची टाकी, ब्रेकचे रबरी पाइप जवळ असतील तर हे करायचंच नाही. पांढरा मुलामा असलेला नट तापवला तर धूर छातीला बाधतो, तेही लक्षात ठेवा. मी एकदा दोन दिवस तापाने पडलो होतो.

तुटलेल्या स्क्रूचं शेवटी असं केलं. टोक थोडं वर होतं, त्यावर एक मोठा नट ठेवला आणि वेल्डरने आतून भरून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेने अर्धं काम होतं. निवू दिला, पाना लावला आणि सुटला. ईझी आउट दुकानदार आग्रहाने देतो, पण ते कठीण पोलादाचं असतं. ते आत तुटलं की ड्रिलही त्याला लागत नाही. त्यापेक्षा उलट्या धारेचं ड्रिल मिळालं तर बघा, भोक पाडता पाडता कित्येकदा स्क्रूच बाहेर येतो.

चौफुलीच्या खाचेचे स्क्रू हा वेगळा घोळ. जुन्या खाचेत पेचकस कडेने सटकतो म्हणून कॅनडात रॉबर्टसनने चौकोनी खाच काढली, १९०८ च्या सुमारास. सटकत नाही, उत्तम. पण जगभर पसरली ती अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सची फुली. १९३६ ला पेटंट आणि त्याच वर्षी कॅडिलॅक गाडीत. कारखान्यात ती पेचकसाला आपोआप मध्यावर घेते, काम भराभर होतं. पण तिच्या भिंती उतरत्या असल्याने जोर वाढला की पेचकस वर ढकलला जातो. भावाच्या जुन्या हिरो होंडाच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू मी असेच खराब केले. त्यात फिलिप्स नव्हतीच. जपानी गाड्यांची फुली त्यांच्या स्वतःच्या मापाची असते, दिसायला बहीण, पण खोली वेगळी. फिलिप्सचं टोक तळाला टेकत नाही, वरच्या कडा खातं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बहुतेक एक बारीक ठिपका असतो. ठिपका दिसला की जपानी पेचकस घ्या. खाच थोडी गेलेली असेल तर टोकाला व्हॉल्व घासायची पेस्ट लावा, पकड येते. आधी खाचेतला रंग आणि माती हेक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडून काढायची, हे तर ठरलेलंच.

जीपच्या काचेच्या चौकटीचे स्क्रू असेच काढले, सगळे. चासीची चार गोल डोकी कानशीने दोन बाजूंनी सपाट करून पाइप पान्याने निघाली. पुतण्याने आता तीन डबे केलेत. एकावर अमेरिका, एकावर इंग्लंड, एकावर फ्रान्स लिहिलंय. फ्रान्सचा डबा सगळ्यात भरलेला आहे.

मागच्या डाव्या चाकाला १९९१ नंतर मिस्त्रींनी दोन नवे स्टड टाकून दिले होते. काल घासून बघितले. एकावर एल आहे, दुसऱ्यावर काहीच नाही. आट्यांना पट्टी लावली, तो सुलटा निघाला. पस्तीस वर्षं त्या चाकाला चार नट उलटे आणि एक सुलटा होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. दादांना असेल कदाचित. त्या चाकाचा पंक्चर ते कधी मला काढू द्यायचे नाहीत, स्वतः उठायचे.

तो सुलटा अजून निघालेला नाही. तेल सोडून ठेवलंय. वाफसा आला तर सोमवारी भर लावायची आहे, नाहीतर त्याच्याकडे बघू.